डॅशबोर्डमागचे मीटर उघडताना

माझ्या जुन्या गाडीत पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच वर चढून बसायला लागले. दोन मीटर सहसा एकाच वेळी बिघडत नाहीत, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये (मीटरना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागात) असणार.

सगळ्यात आधी बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर काढली. घाईत ही पायरी टाळू नकाच. अशा गाड्यांत ॲमीटरच्या (बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) वायरीला बरेचदा फ्यूजच नसतो. पाना चुकून टेकला तर वायरिंग जळतं. आणि कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे रंगावर न जाता बॉडीला जोडलेली वायर शोधा.

सीट काढून उताणा झोपलो, डोळ्यांवर चष्मा. वायरींचे फोटो काढले, प्रत्येकीला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावला. स्पीडोमीटर केबलचा खाचांचा नट हातानेच सुटला. तो सोडल्याशिवाय मीटर पुढे ओढू नये. तापमान मीटरला बारीक तांब्याची नळी असेल तर तिला जिवापाड जपा. आत ईथर असतं. नळी तुटली की मीटर गेलाच.

स्टॅबिलायझर हाताला लागला. त्याचं अर्थिंग बॉडीतूनच होतं आणि स्क्रूखाली हिरवट गंज साचला होता. अर्थ नसल्याने सरासरी 10 व्होल्टऐवजी पूर्ण 12 व्होल्ट मीटरपर्यंत जात होते. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, स्क्रू पुन्हा आवळला. बॅटरी जोडली आणि पेट्रोलचा काटा सावकाश अर्ध्यावर येऊन थांबला. टाकीत तेवढंच होतं.