आर्किटेक्टने खोटा दाखला दिला? तक्रार अशी करा

गच्ची गळते, लिफ्ट बंद, ताबा रखडला, ही गाऱ्हाणी बिल्डरविरुद्धची. खोट्या दाखल्याच्या तक्रारीत आर्किटेक्टविरुद्ध मुद्दा एकच: त्याने सही करून जे लिहून दिलं, ते खरं नव्हतं.

आधी सही कोणाची ते बघा. आर्किटेक्टच्या शिक्क्यात 'सीए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो; आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर नाव तपासून घ्या. सही लायसन्स्ड इंजिनिअरची असेल तर कौन्सिलचा संबंध नाही. त्याला परवाना देणाऱ्या महापालिकेकडेच जा.

मग कागद. खरी मेहनत इथेच आहे. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आर्किटेक्टचा 'फॉर्म 1' शोधा. इमारतीचं कोणतं काम किती टक्के झालं, ते त्यात लिहिलेलं असतं. प्रकल्पाच्या रेरा खात्यातून, म्हणजे ग्राहकांचे पैसे ज्यात ठेवावे लागतात त्या वेगळ्या बँक खात्यातून, पैसे काढायला बिल्डरला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट अशा तिघांचे दाखले लागतात, त्यामुळे फुगवलेला टक्का म्हणजे तुमच्याच पैशांना फुटलेली वाट. समजा, दाखल्यात प्लास्टर 100 टक्के आणि त्याच आठवड्यातल्या फोटोत उघड्या विटा, तर या दोन कागदांपुढे दहा पानी कैफियत फिकी. महापालिकेच्या फाइलमधला पूर्णत्वाचा दाखला हवा असेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि प्रमाणित प्रतच मागा.

तक्रार वास्तुविशारद अधिनियम, 1972 च्या कलम 30 खाली कौन्सिलकडे करायची. कोणता दाखला, कोणती तारीख, त्यात काय लिहिलंय, जागेवर काय होतं, एवढंच क्रमाने मांडा. 'बिल्डरशी साटंलोटं आहे' हे पुरावा नसेल तर लिहूच नका. समोरचा वकील तेच वाक्य धरून बसेल. चौकशीत आर्किटेक्टलाही बाजू मांडू दिली जाते, म्हणून मूळ कागद आणि फोटो जपून ठेवा.

गैरवर्तन सिद्ध झालं तर कौन्सिल ताकीद देऊ शकते, व्यवसाय काही काळ थांबवू शकते किंवा नोंदवहीतून नावच काढू शकते.

पैसे मात्र इथे मागू नका. ताब्याला झालेल्या उशिराचं व्याज किंवा ताब्यानंतर 5 वर्षांत निघालेले बांधकामातले दोष यांसाठी महारेराकडे बिल्डरविरुद्ध वेगळी तक्रार करावी लागते. ती कौन्सिलच्या निकालासाठी अडवून ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.