जेलमध्ये कैद्यांसोबत काम करायचंय? आधी एक वही घ्या

कारागृहात जाऊन काहीतरी काम करायचंय असं म्हणणारे लोक मला अधूनमधून भेटतात, कॉलेजची पोरं असतात, रिटायर झालेले शिक्षक असतात, भजनी मंडळातले काका असतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, ताई तुम्हाला भीती नाही का वाटत? मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, आत कुणाला काहीतरी सांगून आले आणि बाहेर पडल्यावर विसरले तर. आपण बाहेर "बघते, कळवते" असं दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत विसरून जातो, पण आतला माणूस तेच वाक्य धरून पुढच्या गुरुवारपर्यंत, म्हणजे माझ्या पुढच्या फेरीपर्यंत, बसलेला असतो, रात्री बराकीत शेजारच्याला सांगतो की ताई चौकशी करणार आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते की समुपदेशनाचे कोर्स नंतर करा, आधी एक साधी वही घ्या, तारेची नको कारण ती गेटवर अडवतील. तिच्यात त्या दिवशी कुणाला काय बोललात ते लिहायचं आणि पुढच्या वेळी त्याचं उत्तर घेऊन जायचं, उत्तर "नाही जमलं" असलं तरी जायचं.

आत जायचं कसं

स्वतःच्या मनाने गेटवर जाऊन उभं राहू नका. एक रस्ता म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी ऑफिस, तिथे पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून नाव देता येतं, ट्रेनिंग मिळतं आणि जेलमधल्या कायदा मदत केंद्रावर ड्युटी लागू शकते. यासाठी वकील असायची गरज नाही. दुसरा रस्ता म्हणजे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेसोबत जाणं, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून हेच काम करतोय, तुमच्या जिल्ह्यातही कुणी ना कुणी असेल. संस्थेला अधीक्षकांकडे अर्ज करावा लागतो, कधी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून परवानगी आणावी लागते, तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन होतं, यात महिने जातात. चिडू नका. आणि गेटवरच्या शिपायाशी नीट बोला, त्यालाही लांब ड्युट्या असतात, तोही दिवसभर त्याच भिंतीच्या आत असतो. कैद्याशी मायेने आणि शिपायाशी तोऱ्यात बोलणारे लोक मी पाहिलेत, त्यांचं काम फार दिवस चालत नाही.

"काय केलंस?" विचारू नका

आत लोक एकमेकांना कलमावरून ओळखतात, हा तीनशेदोनवाला म्हणजे खुनाचा, तो तीनशे शहात्तर म्हणजे बलात्काराचा. आता १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता आल्यापासून गंमत अशी की एकाच बराकीत एक खुनाच्या केसमधला ३०२ मध्ये असतो आणि दुसरा १०३ मध्ये, गुन्हा जुना असेल तर जुनंच कलम चालतं. ही भाषा तुम्हाला कळली पाहिजे पण तुम्ही ती बोलू नका, नावाने हाक मारा, वयाने मोठे असतील तर दादा, काका, मावशी म्हणा.

गुन्ह्याबद्दल न विचारण्याचं एक अगदी व्यवहाराचं कारणही आहे. देशातल्या जेलमधल्या दर चार माणसांमागे साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांची केस अजून चालू आहे, कोर्टाने त्यांना दोषी ठरवलेलंच नाहीये. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तुमच्याशी बोललेल्याला ते नाही, उद्या कोर्टाने तुम्हाला साक्षीला बोलावलं तर काय करणार? तेव्हा कुणी स्वतःहून सांगायला लागलं तरी हळूच थांबवा आणि म्हणा, हे वकिलांना सांगा, मला घरचं सांगा. पक्क्या कैद्यांचं वेगळं, शिक्षा लागून वर्षं झालेला माणूस कधीकधी आपणहून बोलतो तेव्हा मात्र मध्ये न बोलता ऐकायचं.

मी पहिल्या भेटीत तीनच गोष्टी विचारते. घरी कोण कोण आहे, मुलाखतीला, म्हणजे जेलमध्ये भेटायला, कोण येतं, आणि पुढची तारीख कधी आहे. एवढ्यावरून निम्मं चित्र कळतं. मुलाखतीला कुणीच येत नसेल तर घरी एकतर कळलेलंच नाहीये किंवा भाड्याला पैसे नाहीयेत किंवा घरच्यांनी नाव टाकलंय, आणि तिन्हीचा इलाज वेगळा असतो. तारीख माहीत नसेल तर बहुतेक वकीलच नसतो, किंवा सरकारी वकील मिळालेला असतो पण त्याचं नाव याला कुणी सांगितलेलं नसतं. कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे आतल्या कित्येकांना माहीत नसतं.

एक पोरगा आठवतो, असेल विशीचा, मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत आलेला. अटकेच्या वेळी त्याचा फोन जप्त झाला आणि आईचा नंबर त्या फोनमध्येच राहिला. आपल्यापैकी किती जणांना आईचा नंबर पाठ आहे हो? त्याला आठ आकडे नक्की आठवत होते, शेवटच्या दोनात घोळ होता, सात आणि चार आहेत म्हणाला पण पुढेमागे कळत नाही, नाहीतर सात आणि नऊ असतील. तळहातावर बोटाने आकडे लिहायचा, मान हलवायचा, पुसायचा, परत लिहायचा. मी वहीत सगळे नंबर लिहून घेतले आणि त्या संध्याकाळी घरून लावत बसले, एक लागला अहमदनगरकडच्या कुठल्यातरी दुकानदाराला, एक बंद, एका बाईंनी शिव्या दिल्या, आणि चौथ्या वेळी आईच लागली. उसाच्या फडात होती, मागे कोयत्यांचा आवाज येत होता. तिला वाटत होतं पोरगा पुण्यात कंपनीत लागलाय आणि घरी फोन करायचा विसरलाय. मी नाव सांगितलं तर पहिलं वाक्य हे की, "जिवंत हाय ना?" पुढच्या गुरुवारी मी त्याला एवढंच सांगितलं, शेवटचे आकडे चार सात होते, आणि आई म्हणाली स्वेटर पाठवते. त्याने परत तळहातावर लिहिलं, चार सात. यात मी कायद्याचं काही केलं नव्हतं पण त्या दिवसापासून तो जेवायला लागला असं त्याच्या बराकीतल्या एका काकांनी मला सांगितलं.

जामीन झाला तरी माणूस आतच का

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या कारण इथे तुमच्या धावपळीने खरंच माणूस सुटतो. कोर्टाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस बाहेर आला असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं, पंधरा हजाराचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार सांगितलेला असतो, जामीनदाराकडे रेशन कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, आणि बांधकामावर राहणाऱ्या बिहारच्या मजुराला पुण्यात सातबारावाला मित्र कुठून मिळणार? तो बसून राहतो, ऑर्डर हातात असून. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. वहीत अशा लोकांचं एक वेगळं पान करा, नाव, ऑर्डरची तारीख, रक्कम, आणि दर आठवड्याला ते पान घेऊन प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजनाही २०२३ पासून आहे, तिची जिल्ह्यात समिती असते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरं पान करा कलम ४७९ चं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा त्याच्या कायद्यात, असं आहे की याआधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं, बाकीच्यांसाठी निम्मा काळ, आणि त्यासाठी कोर्टाकडे अर्ज अधीक्षकांनीच करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी अडतं. सुप्रीम कोर्टाने जुन्या केसेसनाही हे लागू केलंय. हिशोब अवघड नाही, अटकेची तारीख आणि कलम माहीत असलं की पाचवीतलं पोरगं करेल, फक्त कुणीतरी बसून करायला हवा.

गुन्हे का होतात, हे आत गेल्यावर कसं दिसतं

गरिबीमुळे गुन्हे होतात असं सरसकट बोलू नका, तो कोट्यवधी गरिबांचा अपमान आहे, ज्यांनी आयुष्यात कुणाची काडी उचललेली नाही. गरीब माणूस पकडला लवकर जातो आणि सुटतो उशिरा, म्हणून जेलमध्ये तोच जास्त दिसतो, हे जास्त खरंय. पण कहाण्या ऐकत गेलात की काही रस्ते पुन्हापुन्हा दिसायला लागतात. शेताचा बांध असतो, भावकी असते, तीन पिढ्या कोर्टात चालू असलेला वाद असतो आणि एका सकाळी कुऱ्हाड हातातच असते. वीस वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली बाई असते जिने एका रात्री पाटा उचलला, आणि त्या वीस वर्षांत ती दोनदा चौकीत जाऊन आलेली असते, "घरचं घरात मिटवा" ऐकून. दारू तर इतक्या केसेसमध्ये असते की मी विचारायचंच सोडलंय. आणि शहरातली ती पोरं, अठरा-एकोणीसची, कोयत्याने केक कापलेला व्हिडिओ टाकणारी, त्यांच्याशी बसून बोललात तर कळतं की शाळा आठवीत सुटलीये, घरी एकच खोली आहे, आणि गल्लीतला जो भाई आहे त्याने पहिल्यांदा याच्या खांद्यावर हात ठेवून याला नावाने हाक मारली होती. मग मला वाटतं की त्याच्या आधी आपल्यापैकी कुणीतरी का नाही मारली.

पारध्यांचं तर वेगळंच, तिथे संशय आधी येतो आणि गुन्हा नंतर शोधला जातो. येरवड्याचं जेल बांधलं गेलं ते साल १८७१ सांगतात, आणि त्याच १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, म्हणजे जन्माला आलेलं मूलच गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, हजेरी द्यावी लागायची. देश १९४७ ला सुटला, हा कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून ते लोक तो विमुक्त दिन मानतात. आजही परिसरात चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते. एक आजोबा मला म्हणाले होते, "पोरी, आमच्यात पोरगं चालायला लागलं की आधी पळायला शिकवत्यात." त्याच आजोबांचा नातू खरोखर चोरीत सापडला होता, आणि मला दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवाव्या लागल्या, त्याने चोरी केली हे आणि त्याला दुसरं काही होऊ दिलं गेलं नाही हे.

कारण समजलं म्हणजे माफ केलं असं नाही, हे स्वतःला सारखं सांगत रहावं लागतं. ज्याचं पोर गेलंय त्या आईचं दुःख या कहाणीने कमी होत नाही. तुम्ही आतल्या माणसासाठी धावताय तर त्या दुसऱ्या घराबद्दल एक वाईट शब्द बोलू नका, त्यांच्यावर तडजोडीसाठी दबाव आणायला तुमचा वापर होऊ देऊ नका, असे निरोप येतात, "ताई त्यांना जरा समजवा", तिथे सरळ नाही म्हणा. आणि काही माणसांना पश्चात्ताप होत नाही, अजिबात, डोळ्यात बघून खोटं बोलतात. त्यांनाही वकील आणि औषध मिळायला हवं, फक्त तुम्ही त्यांच्याकडून अश्रूंची अपेक्षा धरू नका.

नाही म्हणायला शिका

पहिल्या महिन्यात कुणीतरी तंबाखूची पुडी मागेल, कुणी चिठ्ठी देईल, कुणी म्हणेल घरी फक्त एवढा नंबर द्या. पुडी नाही, चिठ्ठी नाही, पैसे नाही, एकदाही नाही, कारण एकदा सापडलात की तुमचीच नाही सगळ्या संस्थांची परवानगी जाते. घरी द्यायचा निरोप अधिकाऱ्यांना सांगून द्या. तुमचा खासगी नंबर आणि पत्ता देऊ नका, संस्थेचा द्या. यात कोरडेपणा नाही, उलट तुम्ही वर्षानुवर्षं येत राहाल याची ती सोय आहे.

बायकांच्या बराकीत जास्त जा. पुरुष कैद्याला बायको, आई, बहीण डबा नाहीतर मनीऑर्डर घेऊन रांगेत उभी असते, बाई आत गेली की तिच्यासाठी रांगेत फारसं कुणी नसतं. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत आत राहू शकतात, त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तकं परवानगी काढून न्या, आणि बाहेर राहिलेल्या मुलांचं काय चाललंय हे त्या आईला दर आठवड्याला सांगा, कितवीत गेला, दात पडला का, असलं सगळं. तिला केसपेक्षा ते जास्त हवं असतं.

सुटतो तो दिवस

सुटका बहुतेक संध्याकाळी होते, कागद यायला वेळ लागतो. गेट उघडतं, माणूस बाहेर येतो, हातात प्लॅस्टिकची पिशवी, खिशात काही नाही, फोन नाही, आणि रस्ता ओलांडताना थबकतो कारण गाड्यांच्या वेगाची सवय गेलेली असते. तुम्ही तिथे असाल तर त्याला आधी चहा पाजा, भाषण देऊ नका, पुढे काय करणार विचारू नका. घरी फोन लावून द्या, एसटीचं तिकीट काढून द्या, पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा, तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि सगळं मुसळ केरात. गावात ज्यांचा माणूस गेला तेही राहत असतील तर काही दिवस नातेवाइकांकडे थांबवणं बरं, हे आधीच घरच्यांशी बोलून ठेवा. आधार कार्ड, बँक खातं, कामधंदा हे नंतरच्या महिन्यात.

उद्या गुरुवार आहे. माझ्या वहीत तीन नावं आहेत, एकाचा जामीनदार मिळालाय, एकाच्या बायकोने फोन उचलला नाही, आणि एका मावशींना सांगायचंय की मुलगी दहावी पास झाली, बासष्ट टक्के.