मलिद्याचं ताट असं लावा

नवस फेडायचा असो, साखरपुडा असो की नव्या घरात राहायला जायचं असो, आम्हा बेने इस्राएलांकडे (कोकणातल्या यहुद्यांकडे) मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून केलेली प्रार्थना, झाल्याशिवाय कार्य पुरं वाटत नाही. भाच्या फोन करतात, "मावशी, ताटात काय काय लागतं गं?" सामान कुणीही जमवेल. गोंधळ होतो तो ब्राखांच्या (खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनांच्या) वेळी, कारण फळं कशीही रचलेली असतात.

आधी दिवस. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आमचा विश्रांतीचा दिवस) नारळ खवता येत नाही, तेव्हा तो सोडून कुठलाही सोयीचा वार घ्या. शनिवारी तारे दिसल्यावर केलात तर उत्तमच. शब्बाथ सरताना एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) आठवण काढायची रीत जगभरच्या यहुद्यांत आहे.

अर्धा किलो जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका, लगदा होतो. दाणा बोटानं सहज चेपला की झालं. त्यात दोन नारळांचं ओलं खोबरं, वाटी-दीड वाटी साखर, वेलची, किंचित जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे हलक्या हातानं मिसळा. साखरेला पाणी सुटतं, म्हणून ती अगदी शेवटी. दूध-तुपाचा थेंबही नको. मलिद्यानंतर बहुतेक घरी मटणाचं जेवण असतं आणि दूध-मांस एकत्र आम्हाला चालत नाही. कोकणातल्या नारळानं आमची केवढी सोय करून ठेवलीय!

पोह्यांचा ढीग ताटाच्या मधोमध, भोवती फळं. निदान पाच प्रकारची असू द्या. आता लक्ष द्या: झाडाची फळं एका बाजूला (खजूर, सफरचंद, चिकू, डाळिंब, संत्रं) आणि केळी, कलिंगड, अननस दुसऱ्या बाजूला. केळीला आपण झाड म्हणतो, पण धर्माच्या हिशेबात केळं जमिनीच्या उपजात जातं. वर गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाची डहाळी. सब्जाची पानं उलटून बघा, मागे किडे लपतात आणि किडा पोटात जाणं तोराहला (आमच्या धर्मग्रंथाला) मंजूर नाही.

डोकी झाकून सगळे जमले की एलियाहू हन्नाबीचं गीत. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातला नव्हे) खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा; तिथे जाऊनही नवस फेडतात. घरी मात्र हज्जान (प्रार्थना म्हणणारे) नसले तरी अडत नाही, घरातल्या जाणत्या माणसानं प्रार्थना म्हणावी.

मग ब्राखा. झाडाच्या फळांत पहिला मान खजुराचा, कारण तोराहनं वाखाणलेल्या सात पिकांत तो आहे, सफरचंद नाही. डाळिंबही त्या सातांतलंच, पण खजुरानंतरचं. खजूर उजव्या हातात धरून "बोरे पेरी हाएत्स" (झाडाचं फळ निर्माण करणारा), सगळ्यांचं आमेन, आणि लगेच घास. ब्राखा आणि घास यांच्या मधे एक शब्दही बोलायचा नाही. "त्या पोराला दे गं आधी" हेसुद्धा नाही! ही एक ब्राखा ताटातल्या झाडाच्या बाकी फळांनाही पुरते. नंतर केळं घेऊन "बोरे पेरी हाअदामा" (जमिनीचं फळ निर्माण करणारा). सब्जाचा वास घेण्याची ब्राखा वेगळी. डहाळी हातोहात फिरवा, म्हातारी माणसं आधी. मोसमातलं पहिलंच फळ ताटात असेल तर "शेहेहेयानू" ही त्यासाठीची ब्राखा विसरू नका.

मग पोहे वाटा. सढळ हातानं द्या, चमच्यानं मोजून नको. ओलं खोबरं उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या वाट्या जेवण मांडण्याआधीच पाठवा.