मॉडेल विमान संघटना : सभासदांना क्रमांक कसे द्यावेत, वाढ कशी मोजावी

पंधरा-वीस जण असतात तोवर नोंदवहीचं कुणालाच काही वाटत नाही. पन्नाशी ओलांडली की एकाच नावाचे दोघे निघतात, विमा कंपनी यादी मागते, आणि मग कुणीतरी घाईघाईने क्रमांकांची एखादी ‘शास्त्रशुद्ध’ पद्धत काढतो. पुढचा सचिव ती निस्तरत बसतो. ते टाळायचं असेल तर असं करा.

१. अर्ज, वर्गणी, पावती

नेहमीप्रमाणेच. क्रमांक मात्र वर्गणी जमा झाल्यावर द्या, अर्ज आल्यावर नाही.

२. क्रमांक साधा, चढता ठेवा

वर्ष, क्लबचं आद्याक्षर, कनिष्ठ की वरिष्ठ, असं सगळं क्रमांकात कोंबायचा मोह प्रत्येक कार्यकारिणीला होतो. करू नका. कनिष्ठ सभासद चार वर्षांत मोठा होतो, माणूस क्लब बदलतो, आणि क्रमांक खोटं बोलायला लागतो. ही माहिती वेगळ्या रकान्यांत ठेवा. सुरुवात १००१ पासून करा. ००४७ असे क्रमांक दिलेत तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, आणि मग कार्डावर एक, यादीत दुसराच. सरकारी नोंदणी क्रमांकालाही स्वतंत्र रकाना हवा. अमेरिकेत २५० ग्रॅमपेक्षा जड विमानावर तो बाहेरून दिसेल असा लिहावा लागतो, पण त्याचा सभासदत्वाशी संबंध नाही. दोन्ही एकाच रकान्यात भरणारे महाभाग असतातच.

कौटुंबिक वर्गणी एक असली तरी क्रमांक माणशी एक. विमान बाप उडवत होता की मुलगी, हे अपघातानंतर विचारलं जातं.

३. संस्थापकांचे क्रमांक

प्रवेशाच्या तारखेप्रमाणे. तारीख एकच असेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. पहिला क्रमांक कुणाचा, यावरून होणारं मानापमान नाट्य अध्यक्षांच्या निवडणुकीपेक्षा लांबतं.

४. परत आलेला सभासद

खरी मेख इथे आहे, आणि माझाही सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे. या छंदात लोक येतात, विमान आपटतं किंवा नोकरी-संसारात अडकतात, निघून जातात आणि आठ-दहा वर्षांनी पुन्हा उगवतात. तेव्हा त्यांना कुठला क्रमांक द्यायचा? जुनाच. एकदा दिलेला क्रमांक त्या माणसाचा, कायमचा. वर्गणी थकली, राजीनामा दिला, माणूस वारला, तरी तो दुसऱ्याला देऊ नका.

‘मधले क्रमांक रिकामे आहेत, भरून टाकू’ असं म्हणणारा खजिनदार तुम्हालाही भेटेल. त्याला विमानं दाखवा. सभासद क्रमांक कार्डावर असतो तसा विमानावरही लिहिलेला असतो, आणि विमान हरवतं, विकलं जातं, माळ्यावर पडून राहतं. फ्री फ्लाइटचं, म्हणजे रिमोटशिवाय मोकळं सोडलेलं विमान थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत सापडलं की दृष्टीआड होतं आणि पिकं कापताना कुणाला तरी मिळतं. जुन्या सभासदाचं विमान दुसऱ्याने विकत घेतलं तरी पंखावरचा क्रमांक पुसायचं सहसा कुणाला सुचत नाही. तो क्रमांक तुम्ही मधल्या काळात तिसऱ्यालाच दिला असेल, तर नुकसानभरपाई मागणारा माणूस त्या तिसऱ्याच्या दारात उभा राहतो.

अर्जावर ‘पूर्वी सभासद होतात का?’ हा प्रश्न ठेवा, पण उत्तरावर विसंबू नका. लोक विसरतात, किंवा थकलेली वर्गणी मागतील म्हणून ‘नाही’ लिहितात. नवा क्रमांक देण्याआधी जन्मतारखेवरून जुनी वही धुंडाळा. फोन नंबर बदलतो, पत्ता बदलतो, लग्नानंतर आडनाव बदलतं, नावाच्या तर दहा तऱ्हा असतात. जन्मतारीख तेवढी जागची हलत नाही.

एवढं करूनही दुहेरी नोंद होतेच. झाली की जुना क्रमांक चालू ठेवायचा, नव्यासमोर ‘रद्द, पाहा १०४३’ असं लिहायचं आणि ती ओळ वहीत तशीच राहू द्यायची. ओळ खोडून टाकणाऱ्याच्या हातात वही देऊ नका. आणि दर काही वर्षांनी ‘सगळ्यांना नव्याने क्रमांक देऊ’ असा ठराव येतो, तो सभेतच पाडा.

५. विमानावर क्रमांक

मार्करची शाई मिथेनॉलच्या इंधनाने विरघळते. त्यामुळे याच इंधनावर चालणाऱ्या छोट्या ग्लो इंजिनाच्या विमानावर क्रमांक आतल्या बाजूला लिहा, किंवा वरून इंधनाला टिकणारं लॅकर मारा. अंकाखाली रेघ ओढा, नाहीतर उलट्या पडलेल्या विमानावरचा इंग्रजी ६ हा ९ वाचला जातो.

६. वाढ मोजणे

शेवटचा क्रमांक १४६० आहे म्हणजे सभासद ४६० आहेत, असं वार्षिक सभेत सांगितलं जातं आणि टाळ्याही पडतात. तो आकडा आजवर येऊन गेलेल्यांचा आहे.

वर्षातली एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी वर्गणी भरलेले सभासद मोजा. दरवर्षी तीच तारीख. ती सोयीनुसार सरकवली की वाढ हवी तेवढी दाखवता येते, म्हणून ती नियमावलीत लिहून टाका. मग गेल्या वर्षीच्या आकड्यात नवे आणि परत आलेले मिळवा, गळालेले वजा करा. समजा गेल्या वर्षी २०० होते, ४० नवे आले, ५ परतले, ३५ गेले, तर आज २१०. अहवालात ‘४० नवे सभासद’ एवढंच छापणं म्हणजे धूळफेक.

माझी नजर आधी ३५ वर जाते. त्यातले पहिल्याच वर्षात गळालेले किती, ते क्रमांकावरून चटकन कळतं, कारण त्यांचे क्रमांक सर्वांत मोठे असतात. ते बरेच निघाले तर जाहिरातीवरचा खर्च थांबवा आणि नवशिक्याच्या ट्रान्समीटरला (हातातल्या रिमोटला) आपला जोडून, गरज पडताच विमान ताब्यात घेणारे प्रशिक्षक वाढवा. पहिलं विमान एकट्याने उडवून त्याचा चुराडा करून बसलेला माणूस नूतनीकरणाच्या पत्राला उत्तर देत नाही.