डेव्हऑप्स आणताय? मग डेटाबेसपासून सुरुवात करा

डेव्हऑप्स (कोड लिहिणं आणि तो चालवणं एकत्र आणून बदल लवकर आणि आपोआप पोचवायची पद्धत) करायचं ठरलं की बऱ्याच टीम आधी टूलच्या मागे लागतात, जेनकिन्स घ्यायचं की गिटहब ॲक्शन्स, कुबरनेटिस लागेल का वगैरे, आणि मग काही महिन्यांनी ॲपचा कोड एका बटणावर डिप्लॉय व्हायला (सर्व्हरवर चढायला) लागतो पण डेटाबेसचं मात्र जुनंच चालू असतं, कोणीतरी चॅटवर स्क्रिप्ट टाकतो, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) रात्री हाताने चालवतो, आणि स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) एक कॉलम जास्त तर प्रॉडक्शनला (लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) एक इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून केलेली सूची) कमी. माझं स्पष्ट मत आहे, डेटाबेस शेवटी ठेवू नका. कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं, डेटाचं तसं नसतं.

पहिलं काम, आत्ता प्रॉडक्शनला जो स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, आहे तो जसाच्या तसा काढा (डेटा नको, फक्त स्ट्रक्चर, पोस्टग्रेसचं पीजी-डंप आणि मायएसक्यूएलचं मायएसक्यूएल-डंप, दोन्हीत त्याचा ऑप्शन आहे) आणि गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाका. ही तुमची बेसलाइन. इथून पुढे प्रत्येक बदल म्हणजे एक मायग्रेशन फाइल, आणि ती चालवायला फ्लायवे किंवा लिक्विबेस यातलं काहीही घ्या, दोन्ही चांगली आहेत, यावर आठवडाभर मीटिंगा घेऊ नका. कुठली फाइल चालली हे टूल डेटाबेसमध्येच एका टेबलात लिहून ठेवतं, सोबत चेकसमही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) ठेवतं, म्हणजे एकदा चाललेली फाइल मागाहून कोणी बदलली तर लगेच पकडली जाते. आणि हो, प्रॉडक्शनवर हाताने आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) करायची परवानगी काढून घ्या, सगळ्यांची, सीनियर लोकांची पण. हे नाही केलं तर बाकी सगळं वाया.

मग पाइपलाइन, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणारी कामांची साखळी. प्रत्येक पुल रिक्वेस्टला (बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) कंटेनरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगळ्या जागेत, रिकामा डेटाबेस उभा करायचा, व्हर्जन प्रॉडक्शनचंच, त्यावर पहिल्यापासून सगळी मायग्रेशन्स चालवायची आणि मग टेस्ट. पण रिकाम्या टेबलावर सगळंच पटकन होतं, म्हणून मर्ज करायच्या आधी प्रॉडक्शनएवढ्या डेटावरही चालवून बघा, लोकांची खरी नावं-नंबर मास्क करून. रिव्ह्यूला डीबीएला पहिल्या दिवसापासून घ्या, शेवटी सही करायला बोलवू नका.

आता खरी अवघड गोष्ट. समजा कॉलमचं नाव 'फोन' आहे आणि ते 'मोबाइल' करायचंय. थेट रिनेम केलं तर डिप्लॉय चालू असताना ज्या सर्व्हरवर अजून जुना कोड आहे तो 'फोन' शोधतो आणि एरर सुरू. म्हणून आधी 'मोबाइल' हा नवा कॉलम वाढवायचा, नल (रिकामा) चालेल असा. मग ॲपचं असं व्हर्जन सोडायचं जे लिहिताना दोन्हीकडे लिहितं पण वाचतं जुन्यातूनच. मग जुना डेटा नव्या कॉलममध्ये भरायचा, एका दमात नाही, थोड्या थोड्या ओळी घेऊन, नाहीतर एकच लांबलचक ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही असा गट) सगळ्यांना अडवून बसतं. दोन्ही कॉलम जुळतात याची खात्री झाली की वाचन नव्यावर न्या, मग जुन्यात लिहिणं थांबवा, आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. एका नावासाठी एवढे रिलीज जास्त वाटतात खरे, पण यातल्या कुठल्याही पायरीवर ॲप एक व्हर्जन मागे नेता येतं, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पोस्टग्रेसवाल्यांनी लॉक टाइमआउट (टेबलाच्या लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा) लावल्याशिवाय आल्टर टेबल चालवू नये. एखादी लांब क्वेरी चालू असेल तर आल्टर तिच्यामागे थांबतं आणि त्याच टेबलावरच्या नंतरच्या सगळ्या क्वेरी आल्टरच्या मागे थांबतात, साधं सिलेक्ट सुद्धा. दोनेक सेकंदांचा टाइमआउट द्या, नाही जमलं तर परत ट्राय करा. चालू टेबलावर इंडेक्स कन्करंटली (टेबलात लिहिणं न अडवता) बनवा, फक्त ते ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही म्हणून त्याची फाइल वेगळी, आणि मधेच फेल झालं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो तो काढून टाकायचा. मायएसक्यूएलमध्ये आल्टरसारख्या कमांडला आपोआप कमिट होतं (बदल तिथेच कायम होतो), म्हणून पाच बदलांची फाइल तिसऱ्यावर पडली की पहिले दोन झालेलेच राहतात. एका फाइलमध्ये एकच बदल ठेवा.

बॅकअप घेतो एवढ्यावर कधीच विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची सेवा देणारी कंपनी) चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली, आणि तेव्हा कळलं की पीजी-डंपचे बॅकअप व्हर्जन जुळत नसल्यामुळे फेल होत होते आणि त्याचे अलर्टचे ईमेलही पोचत नव्हते. साधारण सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या वेळची जशीच्या तशी प्रत) होता त्यावरून परत उभं केलं, मधला डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून रिस्टोअर हाच पाइपलाइनमधला एक जॉब करा, आठवड्यातून एकदा तरी ताजा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवायचा, मोठ्या टेबलांच्या ओळी मोजायच्या, शेवटच्या रेकॉर्डची वेळ तपासायची, आणि जॉब चाललाच नाही तरी अलर्ट आला पाहिजे.