लसीचं कार्ड अर्धवट राहिलंय? या चुका टाळा

एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बडोद्यात नागरवाडा आणि तांदलजा रेड झोन झाले, तेव्हा रावपुरा-दांडिया बाजारात कितीतरी घरांत तान्ही बाळं होती. दीड महिन्याची लस लांबली, नऊ महिन्यांची विसरली गेली आणि दीड वर्षाच्या बूस्टरची वेळ येईपर्यंत दुसरी लाट घराघरांतून फिरून गेली होती. ती मुलं आता पाच-सहा वर्षांची आहेत. त्यांचं कार्ड कपाटात आहे, आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की ते केव्हाच भरलं.

सगळं भरून निघालं, हा गैरसमज आकड्यांनीही पसरवला. २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांची घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या लसीची (डीटीपी, आपल्याकडे डीपीटी) एक तरी मात्रा हुकली. भारतात एकही मात्रा न मिळालेली बाळं २०२१ मध्ये २७ लाख होती, ती २०२२ मध्ये ११ लाखांवर आली. सुधारणा खरीच मोठी आहे. पण हे आकडे त्या-त्या वर्षीच्या तान्ह्या बाळांचे असतात. २०२० मध्ये हुकलेलं मूल २०२२ च्या हिशेबात येतच नाही. त्याची भरपाई कार्ड उघडून आपणच करायची आहे.

"आता उशीर झाला" आणि "आता पहिल्यापासून"

दोन्ही चूक, आणि सगळ्यात जास्त नुकसान यांनीच होतं. मधे दोन महिने गेले असोत की दोन वर्षं, घेतलेली मात्रा वाया जात नाही. जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. पहिल्या तीन मात्रांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. अंतर जास्त झालं म्हणून आधीचं पुसलं जात नाही.

वयाच्या मर्यादा मात्र आहेत आणि त्या लसीगणिक वेगळ्या आहेत. जुलाबाविरुद्धच्या रोटाव्हायरस लसीची पहिली मात्रा वर्षाच्या आत मिळाली नसेल तर ती गाडी सुटली. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित लसीची, एक तरी मात्रा पहिल्या वाढदिवसाआधी झाली असेल तर उरलेल्या नंतरही पूर्ण करता येतात. एकही झाली नसेल तर त्याऐवजी डीपीटी देतात, आणि डीपीटी सात वर्षांपर्यंतच. गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची मात्रा सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत मिळते. मूल पाचच्या पुढे गेलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआरबद्दल (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) विचारा. दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने घेता येतात.

२०२०-२१ मधल्या मुलांसाठी माझा आग्रह सातव्या वाढदिवसाआधी डीपीटी पूर्ण करण्याचा आहे. डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत असतो. लहानपणी सगळं घेतलेल्या मुलांचाही तो राहतो, कारण शाळा सुरू झाली की "आता लसी संपल्या" असं घरात धरून चालतात. घटसर्पापासूनचं संरक्षण वयाबरोबर उतरत जातं. आपल्या देशात घटसर्प आता पाच वर्षांवरच्या मुलांतही दिसतो, तो यामुळेच.

माहेरचं कार्ड माहेरीच

ही आपल्या मराठी घरांची खास अडचण. पहिलं बाळंतपण पुण्याला नाहीतर कोल्हापूरला, जन्माच्या लसी तिकडे, दीड महिन्याचीही तिकडेच. मग बाळ-बाळंतीण बडोद्याला आली आणि इथे नवं ममता कार्ड (गुजरातचं माता-बाल आरोग्य कार्ड) निघालं. दोन कार्डं, दोन्ही अर्धी. महामारीत तर काही बाळं आठ-आठ महिने आजोळीच अडकली. इथल्या आशाबेनना वाटतं मुलाला काहीच दिलेलं नाही, आणि आजीला पक्कं आठवतं की "सगळं झालंय".

आजीच्या आठवणीवर विसंबू नका. माहेरच्या कार्डाचा फोटो मागवा, पानाच्या दोन्ही बाजूंचा. कार्ड हरवलं असेल तर जिथे लस दिली त्या केंद्राच्या नोंदवहीत तारीख सापडते, खासगी डॉक्टरांच्या फाइलमध्ये सापडते. कुठेच काही मिळालं नाही, तर ती मात्रा झालीच नाही असं धरून डॉक्टर पुढचं ठरवतात. एखादी जादा मात्रा झाली तर क्वचित दंड थोडा जास्त सुजेल. न झालेल्या मात्रेचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. बीसीजीचा (क्षयाविरुद्धच्या लसीचा) दंडावरचा व्रण हा पुरावा धरता येतो, पण व्रण उमटला नाही म्हणून ती लस पुन्हा घ्यायची नसते.

आता घेतलेल्या लसींच्या नोंदी यू-विन या सरकारी ऑनलाइन नोंदणीत होतात. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो तिथे बदलून घ्या.

प्रत्येक रिकामा रकाना म्हणजे हुकलेली लस नव्हे

शेजारच्या लहान बाळाच्या कार्डात पीसीव्ही आहे, आपल्या मोठ्याच्या कार्डात नाही, म्हणून एखादी आई हवालदिल होते. न्यूमोनियाविरुद्धची ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर २०२१ च्या अखेरीस आली. इंजेक्शनच्या पोलिओ लसीची नऊ महिन्यांची तिसरी मात्रा जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. त्याआधीच्या मुलांचे ते रकाने कोरे असणारच. त्यात आईचा काही दोष नाही.

उलट, पोलिओ रविवारी बूथवर थेंब घेतले आणि बोटाला शाई लागली, की "लसीकरण झालं" असं समजणारे खूप आहेत. ते थेंब जादाचे आहेत. वेळापत्रकातल्या पोलिओच्या मात्रा, आणि बाकीच्या सगळ्याच लसी, त्याशिवाय घ्यायच्या असतात.

सर्दी आहे, पुढच्या बुधवारी जाऊ

किरकोळ सर्दी, खोकला, सैल शी, अँटिबायोटिक चालू असणं, वजन कमी असणं, यांतलं काहीही लस थांबवण्याचं कारण नाही. अशक्त मुलाला तर ती जास्त गरजेची. बाळ खरंच आजारी असेल, खूप ताप असेल किंवा आधीच्या मात्रेनंतर गंभीर ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

ममता दिवसाला, म्हणजे सरकारी लसीकरणाच्या दिवशी, उशिरा पोचलं तर "पुढच्या वेळी या" असं ऐकावं लागू शकतं. बीसीजी आणि एमआरची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते. म्हणून सकाळीच जा. तरीही परत पाठवलं, तर नक्की तारीख कार्डावर लिहून घ्या. एका मुलासाठीही कुपी उघडायची असाच नियम आहे, हे शांतपणे सांगायला हरकत नाही.

गोवर "येऊन जाऊ दे"

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ होती. त्याच महिन्यात रुग्ण वाढले म्हणून केंद्राची पथकं रांची, मलप्पुरम आणि अहमदाबादला गेली. अहमदाबाद इथून दोन तासांवर. गोवर इतका वेगाने पसरतो की तो रोखायला शंभरातल्या ९५ मुलांच्या दोन्ही मात्रा झालेल्या असाव्या लागतात. शहराची सरासरी चांगली असली तरी एका चाळीत दहा मुलं लसीविना राहिलेली असतील तर साथीला तेवढं पुरतं.

अंगावर पुरळ उठलं की कडुलिंबाची डहाळी, थंड खाणं आणि दारं बंद, हे अजून होतं. श्रद्धा जपा, पण मुलाला डॉक्टरकडे न्याच. गोवरात 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यायचे असतात, त्यांनी डोळे आणि जीव वाचतो. गोवर बरा झाल्यावरही काही काळ इतर रोगांशी लढण्याची ताकद खालावलेली राहते. आणि साथीच्या वेळी नऊ महिन्यांच्या आत दिलेली एमआर ही जादा मात्रा असते, ती पहिली म्हणून धरू नका.

लस दिल्यावर दंडाला किंवा मांडीला हळद, तेल, शेक काही नको. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. थेंबांच्या आणि सिरपच्या बाटलीतली तीव्रता वेगवेगळी असते, तेव्हा एकीचं माप दुसरीला लावू नका.

मोठ्या मुलांची टीडी

हिची आठवण कुणाला होतच नाही. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी दहा आणि सोळा वर्षांना असते आणि पाचवी-दहावीच्या वर्गात शाळेतच दिली जाते. २०२० मध्ये शाळाच बंद होत्या. तेव्हा पाचवीत असलेली मुलं आता सोळाच्या आसपास आहेत. अनेकांची दहाव्या वर्षाची मात्रा झालेलीच नाही. त्यांना घेऊन महापालिकेच्या जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरवर किंवा सयाजी हॉस्पिटलला जा. शाळेतून निरोप येईल म्हणून थांबू नका. आणि धाकट्याचं कार्डही सोबत न्या, एकाच फेरीत दोघांचं पाहून होईल.