पुणे ते मालवण आणि परत: जोडसुट्टीतील दुचाकी प्रवासाची आखणी

प्रजासत्ताक दिन सोमवारी आला की शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळते आणि पुण्यातून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ शनिवारी पहाटेपासूनच गाड्यांनी भरू लागतो. अशा सुट्टीत दुचाकीवरून मालवणला जाऊन यायचे असेल, तर आखणी परतीच्या दिवसापासून सुरू करावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात. जाण्याचा दिवस तासातासाने आखला जातो आणि परतीचा दिवस ‘सोमवारी निघू सकाळी’ एवढ्यावर सोडून दिला जातो. मग तिसऱ्या दिवशी, शरीर सर्वांत थकलेले असताना, जवळजवळ चारशे किलोमीटरचे अंतर आणि सुट्टीवरून परतणारी सगळी गर्दी एकदमच वाट्याला येते.

यावर सोपा उपाय म्हणजे रविवारचा मुक्काम मालवणऐवजी कोल्हापुरात करणे. शनिवारी पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा आणि आंबोलीमार्गे सावंतवाडी, तेथून कुडाळवरून मालवण. रविवारी दुपारी मालवणहून कणकवली, फोंडा घाट आणि राधानगरीमार्गे कोल्हापूर. सोमवारी सकाळी कोल्हापूर ते पुणे, हे सुमारे २३० किलोमीटर. शनिवारचा पल्ला चारशेच्या पुढे जातो, पण त्या दिवशी अंग ताजे असते. समुद्रावर एकच संध्याकाळ मिळते, ही या आखणीची उणी बाजू आहे. ज्यांना तेवढ्याने समाधान होणार नाही त्यांनी शुक्रवारची रजा काढावी. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर रात्री निघण्याचा पर्याय मात्र मनातही आणू नये.

मुंबईकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने त्यांना खोपोलीवरून जुन्या महामार्गानेच यावे लागते, आणि त्यामुळे पुण्यात एक मुक्काम वाढवणेच बरे.

गाडीचे सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. ते किमान आठवडाभर आधी करून त्यानंतर गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालवावी, म्हणजे सैल राहिलेला बोल्ट किंवा चुकीची बसवलेली केबल घराजवळच लक्षात येते. चेनचा सैलपणा बहुतेक साध्या दुचाकींमध्ये २० ते ३० मिलिमीटर असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. चेन एकाच जागी तपासून भागत नाही. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागते. टायरमधील हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना भरावी आणि मागे माणूस किंवा सामान असेल तर मागच्या चाकासाठी पुस्तिकेत दिलेला वाढीव दाब ठेवावा. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचा संच आणि हवा भरण्याचा छोटा पंप पुरतो. ट्यूबचा टायर असेल तर एक नवी ट्यूब सोबत असावी, कारण खिळा ओढला गेला की जुनी ट्यूब अनेकदा फाटून निकामी होते आणि आजऱ्याच्या पुढे सुट्टीच्या दिवशी आपल्या मापाची ट्यूब मिळेलच असे नाही. क्लचची जादा केबल, हेडलाइटचा जादा बल्ब आणि फ्यूज यांना मूठभरच जागा लागते.

सामान कमी असावे आणि जड वस्तू खाली, शक्य तितक्या गाडीच्या मध्याजवळ असाव्यात. पाठीवरची जड बॅग पहिले शंभर किलोमीटर जाणवत नाही; कराडच्या पुढे मात्र खांदे आणि मान बोलू लागतात. बंजी दोरीचे मोकळे टोक चेनमध्ये किंवा चाकात जाणार नाही, हे प्रत्येक थांब्यावर पाहावे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि पूर्ण चेहरा झाकणारे असावे. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने बंधनकारक आहे. पहाटे निघायचे असल्याने काळी काच नको. परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी मोबाइलची बॅटरी संपते, म्हणून छापील प्रती जवळ ठेवाव्यात. शिवाय कागलच्या पुढे निपाणीचा टप्पा कर्नाटकात येतो.

शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास पुणे सोडावे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास अंधारात आणि थंडीत जातात, आणि अंधारात गाडी चालवू नये असे सांगणारेही बरोबरच सांगतात. तरीही दुभाजक असलेल्या महामार्गावर, बेताच्या वेगाने काढलेला पहाटेचा अंधार संध्याकाळी घाटातल्या अंधारापेक्षा परवडतो. उजाडेपर्यंत खंबाटकी घाट मागे पडलेला असावा, कारण आठनंतर चारचाकींची रांग तेथे साचू लागते. पथकर नाक्यावर दुचाकीला पैसे भरावे लागत नाहीत. डाव्या कडेच्या मोकळ्या मार्गिकेतून हळू जावे, तेथे वाळू आणि तेल सांडलेले असते. दर ८० ते १०० किलोमीटरला दहा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, हातांची बोटे मोकळी करावीत. कोल्हापुरात पोटभर तांबडा-पांढरा रस्सा चापून लगेच आंबोलीकडे निघणे टाळावे. दुपारच्या उन्हात पेंग आणण्याचे काम तो चोख करतो. त्याच्यासाठी रविवारची रात्र राखून ठेवलेलीच आहे.

या प्रवासातला सर्वांत मोठा धोका घाटात नसून ऊसपट्ट्यात आहे. जानेवारी म्हणजे साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाचा भर. कराडपासून निपाणीपर्यंत आणि राधानगरीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र चालू असतात. मागच्या ट्रॉलीला परावर्तक नसतो, किंवा असला तरी लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर तो लांबून दुचाकीसारखा भासतो आणि प्रत्यक्षात पूर्ण मार्गिका अडवून येतो. त्यावर गाणी मोठ्याने चालू असतात, त्यामुळे आपला हॉर्न चालकाला ऐकू जाईल असे गृहीत धरू नये. ओलांडताना पहिल्या ट्रॉलीच्या पुढे दुसरी ट्रॉली आणि मग ट्रॅक्टर, एवढी लांबी मोजूनच बाहेर पडावे, आणि बाजूला झुकलेल्या उसापासून हातभर अधिक अंतर ठेवावे. रस्त्यावर पडलेला, चाकांखाली चिरडलेला ऊस ओल्या मातीइतका निसरडा असतो; त्यावर ब्रेक न दाबता गाडी सरळ ठेवून जावे.

निपाणीच्या आत टाकी पूर्ण भरून घ्यावी. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तेथून सावंतवाडीकडे उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय घातक ठरते. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिन रोखते आणि ब्रेक गरजेपुरते वापरता येतात. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नजर रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे असावी. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी. नागमोडी वळणावर एसटीला ओलांडू नये, कारण वळताना तिचा मागचा भाग आतल्या बाजूला सरकतो आणि तेथे सापडलेल्या दुचाकीला जागाच उरत नाही.

चार-पाचपेक्षा अधिक गाड्यांचा गट करू नये. पुढे रस्ता जाणणारा, शेवटी अनुभवी आणि सर्वांत नवखा दुसऱ्या क्रमांकावर, असा क्रम ठेवावा. एकमेकांना नजरेच्या टप्प्यात ठेवण्याच्या हट्टापायी मागचा माणूस वेग वाढवतो. त्यापेक्षा पुढच्या थांब्याचे ठिकाण आधीच ठरवावे. अपघात झाल्यास ११२ वर आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर मदत मागता येते. जखमी बेशुद्ध असला पण त्याचा श्वास नीट चालू असला, तर त्याचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये.

रविवारी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल तर सकाळी लवकर जेट्टीवर पोहोचावे. सुट्टीत होडीसाठी बरीच रांग लागते. दुपारी एकपर्यंत मालवण सोडले, तर फोंडा घाट चढून दाजीपूरचा जंगलपट्टा उन्हातच मागे पडतो. हे वेळापत्रक गव्यांमुळे आहे. दिवस मावळताना ते रस्त्यावर येतात, आणि एक गवा रस्ता ओलांडून गेला की मागून आणखी येण्याची शक्यता असते. दिसल्यास लांब थांबावे, हॉर्न किंवा प्रखर दिवा वापरू नये, आणि छायाचित्रासाठी गाडीवरून उतरू नये.

सोमवारी सकाळी सहाला कोल्हापूर सोडले तर दुपारच्या आत पुणे गाठता येते आणि संध्याकाळच्या गर्दीशी संबंधच येत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार मात्र शेवटपर्यंत जागेपणाने उतरावा. तेथे अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन अनेक अपघात झालेले आहेत. डावी बाजू धरावी, फलकावरील वेगमर्यादा पाळावी, मागे भरलेला ट्रक दिसला तर आरशात त्याच्यावर लक्ष ठेवून त्याला आधी पुढे जाऊ द्यावे, आणि उताराच्या तळाशी थांबलेल्या वाहनांच्या रांगेत अगदी शेवटी उभे राहण्याची वेळ आली तर दोन गाड्यांच्या मध्ये न राहता कडेला सरकावे.